संत्रा बागेचा वाल कंट्रोलर: आकडे वाचणाऱ्या फंक्शनच्या नोंदी

४ नोव्हेंबर

वरुड तालुक्यातली काकांची संत्र्याची बाग, काळी जमीन, ठिबकच्या लाईनी भागाभागात वाटलेल्या अन् प्रत्येक भागाला एक वाल. मोटारीला मोबाईल स्टार्टर आधीच बसवलेला आहे, आता वाल पण फोनवरून उघडायचे, कारण रात्रपाळीची लाईन असली की अंधारात वावरात जाऊन वाल फिरवत बसावं लागते. सामान असं की विहिरीजवळच्या खोलीत ईएसपी-३२ चा बोर्ड (हाच छोटा कंट्रोलर), त्याला एसएमएस घेणारं जीएसएम मॉडेम, तिथून धुऱ्याधुऱ्याने आरएस-४८५ ची तार गेलेली, अन् त्या तारेवर वालाचे रिले बोर्ड अन् ओलाव्याचे सेन्सर. सगळे मॉडबस बोलतात, म्हणजे यंत्रांची आपसात बोलायची ठरलेली भाषा. मॉडबस १९७९ चा, मोडिकॉनने कारखान्यातल्या कंट्रोलरसाठी काढलेला, पण साधा आहे म्हणून वावरात पण चालून जाते.

इथे मी पूर्ण प्रोजेक्टचं लिहीत नाही, फक्त एका फंक्शनचं लिहून राहिली. अक्षरांत आलेला आकडा वाचून एका बाईटमध्ये ठेवायचा, म्हणजे ० ते २५५. ऐकायला एवढंसं काम आहे. पण आपल्याकडे आकडा तीन ठिकाणाहून येते: काकांच्या एसएमएसमधून, मेमरी कार्डवरच्या सेटिंगच्या फाईलमधून, अन् टेस्टिंगसाठी लॅपटॉपवर साठवलेल्या हेक्सच्या (सोळाच्या पद्धतीने, ० ते ९ अन् ए ते एफ वापरून लिहिलेल्या) ओळींमधून. तिन्हीकडे लिहायची पद्धत वेगळी आहे अन् तिन्हीचा शेवट त्याच एका बाईटमध्ये होते.

६ नोव्हेंबर

हे काम आधी एकाने अर्धवट करून सोडलं होतं, त्याचा कोड वाचायला घेतला. एसएमएसमधला तुकडा काढला की त्यावर सरळ आर्डुइनोचं टू-इंट, म्हणजे अक्षरांतून आकडा काढणारं तयार फंक्शन, लावलेलं. टू-इंटचा नियम असा की आकडा सापडला नाही तर शून्य परत देते. रिकामा तुकडा दिला तरी शून्य, 'वाल' हा शब्द दिला तरी शून्य, अन् खरोखरचं शून्य दिलं तरी शून्यच. '१२कखग' दिलं तर बारा घेऊन मोकळं, मागचा कचरा त्याला दिसतच नाही.

आपल्याकडे वालाचा नंबर म्हणजेच त्याच्या रिले बोर्डाचा मॉडबस पत्ता. मॉडबसमध्ये पत्ते १ ते २४७, २४८ पासून पुढचे राखीव, अन् ० म्हणजे ब्रॉडकास्ट, तारेवरच्या सगळ्यांनी ऐकायचं. टेबलावर दोन बोर्ड जोडून पत्ता शून्यावर 'रिले चालू'चा हुकूम सोडला तर दोन्ही रिले एकदमच टकटक वाजले. अन् ब्रॉडकास्टला कोणी उत्तर देत नाही, हा पण नियमच आहे, म्हणजे काय उघडलं हे कंट्रोलरला पण कळणार नाही.

आता हे डिसेंबरात झालं असं धरा. आंबिया बहारासाठी झाडाला ताण दिलेला असते, पाणी तोडलेलं असते, पानं मलूल व्हायला लागलेली असतात अन् सगळी फुलं त्या ताणावर अवलंबून. तेवढ्यात कोणाच्या बोटाने अर्धामुर्धा मेसेज गेला, त्यातून शून्य निघालं अन् सगळे वाल उघडले, तर ताण तुटला. झाड पालवी फेकते, फूल कमी येते. पूर्ण वर्षाचा बहार एका शून्यापायी जाईल.

म्हणून पहिला नियम आजच ठरवून टाकला, फंक्शन दोन गोष्टी वेगवेगळ्या परत देईल, वाचता आलं का नाही ही एक, अन् आलं असेल तर आकडा ही दुसरी. 'नाही आलं' हे सांगायला कोणताच आकडा वापरायचा नाही, शून्य नाही, उणे एक नाही, २५५ पण नाही.

९ नोव्हेंबर

स्ट्रटोल वापरून पाहिलं. सी मधलं जुनं फंक्शन आहे, त्याच कामाच्या ए-टू-आय पेक्षा कितीतरी चांगलं, कारण ए-टू-आय मध्ये आकडा मावला नाही तर काय होईल याची भाषा हमीच देत नाही. स्ट्रटोलला बेस, म्हणजे आकडा कितीच्या पद्धतीने लिहिला आहे (नेहमीचा दहाचा, बायनरी दोनचा, हेक्स सोळाचा), हे सांगता येते, २ ते ३६ पर्यंत कोणताही, अन् वाचन कुठे थांबलं त्याचा पॉइंटर पण ते देते. तो पॉइंटर जिथून सुरू केलं तिथेच असेल तर काहीच वाचलं गेलं नाही, शेवटपर्यंत गेला असेल तर पूर्ण वाचलं, अन् मधात अडकला असेल तर मागे कचरा आहे. एवढं तपासलं तरी अर्ध्या भानगडी मिटतात.

पण ते आकडा लाँग मध्ये, म्हणजे कितीतरी मोठ्या जागेत, देते अन् आपल्याला पायजे एक बाईट. इथे लोक काय करतात, उत्तर आलं की सरळ आठ बिटच्या व्हेरिएबलमध्ये टाकून देतात. २५६ दिले की वरचा बिट कापला जाते अन् उरते शून्य. पुन्हा तेच शून्य! ३०० दिले तर ४४ उरतात, तो तर चांगला दिसणारा पत्ता आहे, भलताच बोर्ड ऐकेल. स्ट्रटोलच्या नजरेने यात काहीच चुकलं नाही, २५६ काही लाँगच्या बाहेर नाही, म्हणून चूक नोंदवणारं एररनो पण गप्प. त्याचा भाऊ स्ट्रटूल तर उणे चिन्ह पण मान्य करते, 'उणे एक' दिलं की जेवढा मोठा आकडा मावते तेवढा देते, अन् तो बाईटमध्ये कापला की २५५.

म्हणून आधी हद्द तपासायची, मग लहान करायचं. हा क्रम कोडमध्ये दिसला पायजे, एका ओळीत कोंबून टाकायचा नाही.

१२ नोव्हेंबर

आज डिप स्विचवर पूर्ण दुपार गेली अन् ती गेली ते बरंच झालं. रिले बोर्डाचा पत्ता त्याच्यावरच्या आठ छोट्या स्विचने ठरते, वर केला तर १, खाली तर ०. माझी मैत्रीण, जी फोनचं ॲप लिहून राहिली, ती वावरात फिरून एकेका डब्बीचे स्विच बघून फाईलमध्ये लिहीत होती. एका डब्बीचं तिने लिहिलं 'शून्य शून्य शून्य शून्य शून्य शून्य एक एक'.

००००००११. हीच आठ अक्षरं बेस २ ने वाचली तर ३. बेस १० ने वाचली तर पुढची शून्यं गळतात अन् ११ होतात. बेस १६ ने १७. अन् स्ट्रटोलला बेस शून्य दिला, म्हणजे 'तूच ओळख बाप्पा' असं सांगितलं, तर पुढे शून्य दिसल्यामुळे ते ऑक्टल (आठची पद्धत) धरते अन् ९ देते. चार उत्तरं, चारही १ ते २४७ च्या आत, म्हणजे हद्दीची तपासणी यातलं एकही पकडणार नाही. हेच ०००१०११० असतं तर बेस १० ने दहा हजारांच्या वर गेलं असतं अन् पकडलं गेलं असतं, खरं उत्तर २२. म्हणजे वाचलो का फसलो हे डब्बीवर कोणते स्विच वर आहेत त्यावर अवलंबून, अशा भरवशावर मी काम सोडणार नाही.

वरून अजून एक. बोर्डावर स्विच नंबर १ डावीकडे आहे अन् तोच सगळ्यात लहान बिट आहे. म्हणजे पत्ता ३ असेल तर डोळ्याला डावीकडून ११०००००० दिसते. जसं दिसलं तसं बेस २ ने वाचलं तर १९२. तो पण चालणारा पत्ता. मैत्रीण मनातल्या मनात उलटं करून लिहीत होती, पण उद्या दुसरा कोणी जाईल तो जसं दिसते तसंच लिहील, अन् ते साहजिक आहे, उन्हात उभं राहून डोक्यात उलटं काहून करावं माणसाने.

ठरवलं ते असं. फाईलमध्ये काहीच खूण नसेल तर आकडा दहाचाच, पुढे कितीही शून्य असले तरी. शून्य-एक्स लावला तर हेक्स, शून्य-बी लावला तर बायनरी, अन् स्विच जसे दिसतात तसे लिहायचे असतील तर पुढे 'एसडब्ल्यू' अन् बरोबर आठ अंक, सात नाही नऊ नाही, उलटं करायचं काम फंक्शनचं. ऑक्टल ठेवलंच नाही.

१३ नोव्हेंबर

ऑक्टल का काढलं ते मैत्रिणीने विचारलं म्हणून लिहून ठेवते. काकांकडे मजूर लोक वालाचे नंबर डब्बीवर ऑइलपेंटने दोन अंकात लिहितात, ०५, ०७, ०८. बेस शून्यवाल्या स्ट्रटोलला '०७' दिलं की ७ येते, सगळं छान वाटते. '०८' दिलं की ते ऑक्टल समजून पहिलं शून्य घेते, मग ८ दिसतो, ऑक्टलमध्ये ८ हा अंकच नाही, म्हणून तिथेच थांबते अन् परत देते शून्य. सात वालापर्यंत टेस्ट करणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही, आठव्या वालावर पूर्ण बाग उघडेल.

पुढच्या शून्याने ऑक्टल ही सी च्या काळची रीत आहे, तेव्हा १२, १८ अन् ३६ बिटांची मशीनं पण होती, त्यांना तीन-तीन बिटांचे गट बरोबर बसायचे. आता एवढी गरज उरली ती लिनक्सच्या फाईल परमिशनला, ७५५ वगैरे. जावास्क्रिप्टमध्ये पण जुन्या ब्राउझरात पार्स-इंटला '०८' दिलं की शून्य यायचं, २००९ च्या ईएस-५ पासून ते नियमातून काढलं. पायथन ३ ने चांगलं केलं, बेस शून्य देऊन '०१७' वाचायला लावलं तर अंदाज न लावता सरळ एरर देते. मला ती रीत सगळ्यात आवडते, दोन अर्थ निघत असतील तर वाचूच नये.

२० नोव्हेंबर

मधात दिवाळीनंतरची कामं, कापूस वेचणी सुरू, म्हणून खंड पडला.

काकांनी पहिला खरा एसएमएस पाठवला अन् कंट्रोलरने तो नाकारला. बघितलं तर मॉडेमकडून मेसेजच्या जागी हेक्सची लांबच लांब माळ आलेली. काकांनी मराठी कीबोर्डवरून लिहिलं होतं, 'वाल १७ चालू'. मी म्हटलं काका नुसते आकडे तरी इंग्रजीत टाका, तर ते म्हणाले, "काहून वं बाई, मले जे येते ते मशीनले शिकव ना. मी आकडे शोधत बसू का पाणी पाहू?" बरोबर आहे त्यांचं. ज्याच्यासाठी बनवून राहिलो त्याच्या लिपीत त्याला आकडा लिहिता आला पायजे, हे काम मी सोडणार नाही.

आतमध्ये असं चालते. मेसेजमध्ये एक जरी देवनागरी अक्षर आलं की पूर्ण मेसेज दोन-दोन बाईटच्या युनिकोडमध्ये जाते, १६० अक्षरांच्या जागी ७० च मावतात, अन् मॉडेम तो मेसेज टेक्स्ट मोडमध्ये हेक्स अक्षरांत लिहून देते, एका अक्षराला चार हेक्स. त्यात '१७' कसं दिसते तर ०९६७०९६डी. पहिले चार, ०९६७, म्हणजे देवनागरी एक. पुढचे चार, ०९६डी, म्हणजे देवनागरी सात. देवनागरी शून्य ०९६६ वर बसलेलं आहे अन् नऊ ०९६एफ वर, सलग, मधात काही नाही. म्हणून चार हेक्स अक्षरं बेस १६ ने वाचायची, आकडा ०९६६ ते ०९६एफ मध्ये असेल तर ०९६६ वजा करायचे, उरला तो अंक, अन् मग असे अंक जोडून बेस १० ने मोठा आकडा करायचा. एकाच मेसेजमध्ये दोनदा वाचन, आधी सोळाच्या बेसने, मग दहाच्या. इंग्रजी अंक त्याच माळेत ००३० ते ००३९ म्हणून येतात, त्यामुळे काकांनी एक अंक मराठी अन् एक इंग्रजी टाकला तरी चालेल असं केलं, त्यात दुसरा अर्थ निघत नाही.

कार्डवरच्या फाईलमध्ये मराठी अंक आले तर तिथे यूटीएफ-८ (युनिकोड बाईटमध्ये लिहायची दुसरी रीत) असते, एका अंकाला तीन बाईट, पहिले दोन कायम ई०, ए५, अन् तिसरा ए६ ते एएफ. तिसऱ्यातून ए६ वजा केले की अंक. हे पण टाकलं. पण मराठी अंक फक्त बेस १० ला, हेक्स अन् बायनरीत नाही, तिथे कोणी लिहीत नाही.

२३ नोव्हेंबर

स्ट्रटोल सोडून स्वतःचं फंक्शन लिहिलं, कारण त्याला देवनागरी कळत नाही, पुढची स्पेस ते आपोआप खाते, अन् बेस १६ दिला तर शून्य-एक्स असो नसो दोन्ही घेते. सी++ १७ मधलं फ्रॉम-कॅर्स यापेक्षा कडक आहे, स्पेस नाही, अधिक चिन्ह नाही, शून्य-एक्स नाही, अन् सरळ आठ बिटच्या टाईपमध्ये वाचून हद्दीबाहेर असेल तर वेगळी एरर देते. तुम्हाला देवनागरी नको असेल तर तेच वापरा, नवीन लिहू नका. त्यातच सी++ च्या स्ट्रीमने आठ बिटच्या व्हेरिएबलमध्ये आकडा वाचायला जाऊ नका, ते त्याला अक्षर समजते, '५' टाईप केलं की ५३ येतात, कारण आस्कीत (इंग्रजी अक्षरांच्या नंबरांच्या तक्त्यात) पाचचा कोड ५३.

माझ्या फंक्शनचं पोट छोटंच आहे. मूल्य शून्यापासून सुरू, प्रत्येक अंकाला जुनं मूल्य गुणिले बेस अधिक अंक, अन् २५५ च्या वर गेलं की तिथल्या तिथे 'मावत नाही' म्हणून परत. मूल्य सोळा बिटमध्ये ठेवलं. लॅपटॉपच्या टूलमध्ये हेच फंक्शन ३६ पर्यंत चालवायचं आहे, अन् तिथे पण सगळ्यात वाईट वेळ म्हणजे आधीच २५५ आहेत, बेस ३६ आहे, अंक ३५ आहे, तर २५५ × ३६ + ३५ = ९२१५, सोळा बिटमध्ये आरामात बसते. म्हणून गुणाकार करून मग तपासलं तरी चालते. मूल्य आठ बिटमध्येच ठेवलं असतं तर गुणाकार होताहोताच वरचे बिट गेले असते अन् तपासायला काही उरलंच नसतं.

अक्षरातून अंक काढताना एक खड्डा आहे. आस्कीत '०' ते '९' म्हणजे ४८ ते ५७, मोठा 'ए' ६५ वर, छोटा 'ए' ९७ वर. ५७ अन् ६५ च्या मधात सात चिन्हं बसलेली आहेत, कोलनपासून ॲट पर्यंत. '४८ च्या वर अन् एफ च्या खाली' अशी एकच अट लावली तर कोलन पण अंक म्हणून आत शिरते. तीन वेगळ्या पट्ट्या, तीन वेगळ्या अटी. अन् त्यानंतर अंक बेसपेक्षा लहान आहे का हे वेगळं बघायचं, नाहीतर बायनरीत २ घुसेल.

खूण नसली तर बेस कोणता हे फंक्शन स्वतः ओळखत नाही, बोलावणारा सांगते. हेक्सच्या ओळींमध्ये खूण नसतेच, सेन्सरला विचारायची ओळ अशी असते: ०१ ०३ ०० ०० ०० ०१ ८४ ०ए. पत्ता १, फंक्शन ३, रजिस्टर शून्यापासून, एकच रजिस्टर, अन् शेवटचे दोन बाईट सीआरसी, म्हणजे ओळ वाटेत बिघडली का हे तपासायचे. या ओळीत '१०' आलं तर ते सोळाच, अन् हे फक्त ती ओळ कुठून आली यावरूनच कळते.

२९ नोव्हेंबर

टेस्ट. आकडे फक्त २५६ आहेत अन् बेस २ ते ३६ म्हणजे ३५, तर नमुना निवडत बसायची गरजच नाही, सगळेच तपासले: २५६ × ३५ = ८९६०. पायथनने प्रत्येक आकडा प्रत्येक बेसमध्ये लिहिला अन् आपल्या फंक्शनने परत वाचला, लॅपटॉपला यात काहीच वेळ लागत नाही. एक बाईटचं काम करताना हे सुख आहे, सगळी दुनिया एका फाईलमध्ये मावते. मग २५६ ते ९२१५ पर्यंतचे सगळे 'मावत नाही'मध्ये गेले पायजे, ते पण गेले.

नाकारायची यादी हाताने लिहिली: रिकामा तुकडा, नुसता शून्य-एक्स अन् पुढे काहीच नाही, नुसतं उणे, मधात स्पेस, शेवटी नवी ओळ, एसडब्ल्यूच्या पुढे सात अंक, 'ओ' हे अक्षर शून्याच्या जागी. यातलं शेवटचं तर मोबाईलवर नेहमीचं आहे. नाकारायच्या गोष्टी पायथनच्या इंटशी जुळवू नका, ते स्वभावाने सैल आहे, आजूबाजूची स्पेस, मधातली अंडरस्कोर, देवनागरी अंक, सगळं घेते.

३ डिसेंबर

ॲपकडून दोन गोष्टी निघाल्या. जावामध्ये बाईट म्हणजे उणे १२८ ते १२७, म्हणून बाईटच्या पार्सला बेस १६ मध्ये 'एफएफ' दिलं की ते एरर फेकते. मैत्रिणीने इंटिजरचं पार्स वापरून मग ० ते २५५ ची अट लावली, तेच बरोबर आहे. दुसरी जास्त लपलेली: फोनची भाषा मराठी असेल तर स्ट्रिंग-फॉरमॅट आकडे आपोआप देवनागरीत लिहिते, तिच्या इंग्रजी फोनवर १६० अक्षरांचा मेसेज अन् काकांच्या फोनवर त्याच कोडने ७० वाला. वाचायला आता अडचण नाही, पण मशीनने मशीनसाठी लिहिलेला आकडा भाषेप्रमाणे बदलू नये, म्हणून ॲपमध्ये लोकेल (भाषेची सेटिंग) रूटवर, म्हणजे कोणत्याच भाषेचं नाही असं, पक्कं केलं.

गो अन् रस्टवाल्यांसाठी एक ओळ. गोमध्ये पार्स-युइंटला बिट-साईझ ८ सांगता येते, रस्टमध्ये यू-८ चं फ्रॉम-स्ट्र-रेडिक्स आहे, दोन्ही हद्दीची एरर वेगळी देतात. गोमध्ये मात्र हद्दीबाहेर गेलं की एररसोबत २५५ पण हातात येते, म्हणून एरर न बघता आकडा उचलू नका.

९ डिसेंबर

काल बागेचं पाणी तोडलं, ताण सुरू. आज बॉक्स बसवला. वाल नंबरची जी जागा आहे तिथे आठ बिट वाचणारं फंक्शन, त्याच्यावर अजून एक दार: १ ते २४७ च्या बाहेरचं काहीच तारेवर जाणार नाही, शून्य तर मुद्दाम नाव घेऊन अडवलेलं. 'सगळे वाल बंद' हा हुकूम पायजे होता, तो ब्रॉडकास्टने न करता एकेका पत्त्याला वेगळा पाठवते, म्हणजे प्रत्येकाचं उत्तर येते अन् कोणता बोर्ड मेला आहे तेही कळते.

काकांनी मुद्दाम तपासायला मेसेज टाकले. 'वाल ०८' वर आठवाच उघडला, तो लगेच बंद केला. 'वाल २५६' वर उत्तर आलं 'एवढा नंबर नाही'. नुसतं 'वाल चालू' वर 'कोणता वाल?' असं उत्तर आलं, तेव्हा काका म्हणाले, "आता हे बरं विचारते. बाकी कायले उघडलं नाही ना?" नाही उघडलं, मी धुऱ्याने फिरून पाहिलं.

बाकी राहिलेलं: कालच्या मेसेजांत काकांनी एकदा वाल नंबर शब्दात लिहिला, 'वाल तीन'. तो आज 'कोणता वाल?' मध्ये जाते. एक ते वीस शब्दांची यादी मैत्रीण करून राहिली, वऱ्हाडी बोलण्यातले लिहायचे प्रकार धरून, ती आली की पुढची नोंद. तोवर कोडमध्ये हात लावायचा नाही, ताण तुटायच्या आधी नवीन काही वावरात जाणार नाही.